देवपणाची गादी

1800 सालच्या जानेवारीत मुंबईच्या फौजेतला कॅप्टन एडवर्ड मूर चिंचवडला गेला, तो देव बघायला. देऊळ त्याने नंतर पाहिलं असेल-नसेल, त्याला बघायचा होता तो पवनेकाठच्या वाड्यात राहणारा, जेवणारा-झोपणारा, बायकापोरं असलेला देव. पुण्याचे शिकलेसवरलेले ब्राह्मण, खुद्द पेशव्यांचा दरबार, एका हयात माणसाला गणपती समजून त्याच्या पायावर डोकं ठेवतात, हे ऐकून मूर चक्रावला होता. परत गेल्यावर त्याने लिहिलेला वृत्तांत 'एशियाटिक रिसर्चेस'च्या सातव्या खंडात छापून आला आणि चिंचवडचा 'वंशपरंपरागत जिवंत देव' युरोपच्या वाचकांना माहीत झाला. मूरने पुढे 1810 मध्ये 'हिंदू पँथिऑन' हा जाडजूड ग्रंथ काढला. देवांच्या नादी तो असा पुरता लागला.

मूरला सांगण्यात आलेली कथा आपल्याकडे घरोघरी ठाऊक आहे. मोरया गोसावी चिंचवडहून मोरगावच्या मयूरेश्वराची वारी करत. म्हातारपणी झेपेना, तेव्हा देवाने सांगितलं, आता तू येऊ नकोस, मीच येतो. कऱ्हेत स्नान करताना ओंजळीत शेंदरी तांदळा आला. तो चिंचवडला आणला गेला आणि 1561 मध्ये मोरयांनी तिथंच संजीवन समाधी घेतली, असं परंपरा सांगते. त्यांच्या कालाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत, त्यात आपण शिरायला नको. कथेचा कळीचा भाग पुढेच आहे. गणपती मोरयांवर प्रसन्न झाला तो एकट्यापुरता नाही. आपला अंश सात पिढ्या या घराण्यात राहील, असं वरदान त्याने दिलं. मोरयांचा मुलगा चिंतामणी, मग नारायण, मग पुन्हा चिंतामणी, अशी ही माळ. घराण्याचं जुनं आडनाव शाळिग्राम, ते 'देव' झालं, आणि ते तुकोबांच्या तोंडून झालं अशी आख्यायिका आहे.

सात पिढ्यांचं हे देवपण मला फार रोचक वाटतं, कारण त्याला मुदत आहे. एरवी देव अनादि-अनंत; हा मात्र सात पिढ्यांचा. मुदत का, याचीही एक कथा गॅझेटियरवाल्यांनी टिपून ठेवली आहे. एका वंशजाला मूळपुरुषाची समाधी उघडून बघायची बुद्धी झाली. आत मोरया ध्यानाला बसलेले. त्यांची समाधी मोडली आणि ते म्हणाले, तुझ्या मुलापाशी हे संपेल. म्हणजे मुदतीचं कारण एका कथेत वरदान आणि दुसऱ्या कथेत शाप. शेवट दोन्हींत एकच.

तो शेवट जवळ आला असताना, 1809 च्या डिसेंबरात, मारिया ग्रॅहम नावाची एक तरुण इंग्रज बाई चिंचवडला येऊन गेली. तिचं प्रवासवर्णन 1812 मध्ये प्रसिद्ध झालं. तिला दिसलेला वाडा कळकट आहे आणि खिडक्या-खिडक्यांत धष्टपुष्ट भटजी दाटलेले आहेत. एका साध्याशा ओसरीवर, बुटक्या लाकडी पाटावर देव बसलेला. देव म्हणजे एक मुलगा. इतर मुलांपेक्षा त्याच्यात काही वेगळं नाही, फक्त डोळ्यांत एक घाबरी, भिरभिरती नजर. आणि ती रोज चारल्या जाणाऱ्या अफूमुळे आहे, असं तिला कुणीतरी सांगितलं. बाई कुचकट होती, विलायती अहंकार तिच्या ओळीओळीत आहे, अफूची गोष्ट ऐकीव आहे. हे सगळं वजा केलं तरी पाटावरचा मुलगा उरतोच. त्याला कुणी विचारलं होतं, तुला देव व्हायचं का?

1810 मध्ये सातवे देव निपुत्रिक वारले. वरदान संपलं. इनामं मात्र सात पिढ्यांच्या बोलीवर दिलेली नव्हती. औरंगजेबाने दिलेली आठ गावं, असं परंपरा सांगते (बादशहाने परीक्षेसाठी झाकून पाठवलेल्या गोमांसाची फुलं झाली, ही कथा त्याच गावांच्या सनदेला जोडलेली आहे), पुढे मराठेशाहीत मिळालेली गावं, हक्क, नेमणुका हे सगळं जागच्या जागी होतं. मग लांबच्या नात्यातला एक जण गादीवर बसवला गेला. गॅझेटियर कारणही आडपडदा न ठेवता सांगतं: देवस्थानचं उत्पन्न चालू राहावं म्हणून. लॉरेन्स प्रेस्टन या संशोधकाने 1989 मध्ये चिंचवडच्या देवांवर केंब्रिजहून एक ग्रंथ प्रसिद्ध केला. देवत्वाबद्दल काही सापडेल म्हणून तो उघडावा, तर पानोपानी गावांचे वसूल, सनदा आणि सरकारशी झालेला पत्रव्यवहार. पण मला वाटतं, प्रेस्टनने बरोबर जागी बोट ठेवलंय. कुणी स्वतःला देव म्हटलं, किंवा दुसऱ्याने म्हटलं, तेवढ्याने फारसं काही घडत नाही. त्याच्याभोवती लोक काय उभारतात, कारभार कोण बघतं, हिशेब कोण ठेवतं, यावर सगळं ठरतं.

चिंचवडच्या मागे गेलं तर मराठीतलं याहून जुनं उदाहरण सापडतं, आणि ते थेट मराठी गद्याच्या उगमाशीच बसलेलं आहे. महानुभाव पंथ पंचकृष्ण मानतो: श्रीकृष्ण, दत्तात्रेय, द्वारावतीचे चक्रपाणी, रिद्धपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर. पाचही परमेश्वराचे अवतार. पैकी शेवटचे दोघे तेराव्या शतकात वऱ्हाड आणि गोदाकाठी प्रत्यक्ष हिंडले. चक्रधर मूळचे भडोचचे राजपुत्र हरिपाळदेव. ते वारले आणि त्यांच्या देहात चक्रपाणींनी प्रवेश केला, अशी पंथाची श्रद्धा. चक्रधरांनी 1274 च्या सुमारास महाराष्ट्र सोडला. मागे राहिलेले शिष्य रिद्धपूरला गोविंदप्रभूंपाशी जमले आणि तिथं म्हाइंभटाने आठवणी गोळा करायला घेतल्या. त्यातून लीळाचरित्र झालं. मराठीतला पहिला मोठा गद्यग्रंथ म्हणजे एका माणसाच्या रूपात वावरलेल्या देवाचं चरित्र, ही गोष्ट शाळेत शिकवतात, पण तिच्याकडे नीट कुणी बघत नाही.

म्हाइंभटाने काम कसं केलं ते बघण्यासारखं आहे. ज्याने पाहिलं त्याच्याकडून ऐकायचं, चक्रधरांचे शिष्य नागदेवाचार्य यांच्याकडून पडताळून घ्यायचं, आणि एकाच प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर दोन्ही नोंदवायच्या. चमत्कार आहेत, पण स्वामींनी काय खाल्लं, कुणावर रागावले, कुठे विसावले, हे त्याहून कितीतरी जास्त. गोविंदप्रभूंच्या चरित्रात तर वेडच वेड आहे. हा देव कुणाच्याही घरात शिरतो, हवं ते मागून खातो, पोरांसारखा खेळतो, मध्येच शिव्या देतो, अस्पृश्यांच्या वस्तीत जातो. गाव त्याला सांभाळून घेतं. पुढे 'स्थानपोथी' तयार झाली: चक्रधर कुठे बसले, कुठे जेवले, कुठे निजले याची गावोगावची यादी, आणि तीत लघवीला गेल्याच्या जागासुद्धा. आजही महानुभावांचे ओटे त्या जागांवर आहेत.

इतक्या जिव्हाळ्याने देवाचं माणूसपण जपणाऱ्या या पंथाचं तत्त्वज्ञान मात्र कडक द्वैती आहे. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर हे चार पदार्थ वेगळे आणि कायमचे वेगळे. परमेश्वर माणूस होऊ शकतो; माणूस परमेश्वर होऊ शकत नाही. पाच अवतारांनंतर त्यांनी दारच बंद केलं. पुढचे आचार्य, महंत कितीही थोर असोत, सहावा कृष्ण कुणी झाला नाही. चिंचवडकरांनी मुदत घातली, महानुभावांनी संख्या घातली. माणसाचं देवपण मोकळं सोडलं तर आवरत नाही, हे दोघांनाही उमगलं असावं.

याच्या उलट टोकाला उपनिषदांतला विचार. बृहदारण्यकात आणि छांदोग्यात जे सांगितलंय त्याचा गाभा असा की, ज्याला तू बाहेर शोधतोस तो तूच आहेस. यात एक माणूस निवडलेला नाही, सगळेच आले. त्या हिशेबाने चांभारही आला आणि राजाही आला, निदान कागदावर तरी. शंकराचार्यांनी त्याची शास्त्रशुद्ध मांडणी केली, ज्ञानदेवांनी अमृतानुभवात त्याला मराठीचं कोंदण दिलं. 1893 नंतर विवेकानंदांनी अमेरिकेत माणसाला पापी म्हणायचंच नाकारलं आणि प्रत्येक जीव मुळात दिव्य आहे हे सूत्र धरलं. विचार भव्य आहे. पण सगळेच ब्रह्म म्हटल्यावरही, शिवू नये अशी मानलेली माणसं त्याच गावात, त्याच शतकांत राहत होती आणि अद्वैताने ती शिवाशिव अडवली नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. सर्वांच्या देवपणाने कुणाचंच इनाम ठरत नाही आणि कुणाची विहीरही आपोआप खुली होत नाही.

राजांचा मार्ग तिसरा. अलेक्झांडर इ.स.पूर्व 331 मध्ये इजिप्तच्या वाळवंटातल्या सीवा इथं अमोनच्या देवळात गेला, पुजाऱ्याने त्याला देवाचा पुत्र ठरवलं, आणि काही वर्षांत तो ग्रीक सहकाऱ्यांकडूनही लोटांगणाची अपेक्षा करू लागला. कॅलिस्थेनिस या इतिहासकाराने नकार दिला. त्याचा शेवट वाईट झाला. रोमने सीझरला मेल्यावर देव केलं, रीतसर सेनेटचा ठराव करून, इ.स.पूर्व 42 मध्ये. त्याचा दत्तक ऑगस्टस मग 'देवाचा पुत्र' म्हणून नाण्यांवर मिरवला. पुढे सम्राट मेला की देव करायचा हा इतका शिरस्ता झाला, की व्हेस्पेशियनने मरताना आपण आता देव व्हायला लागलो वाटतं, असा विनोद केल्याचं सांगतात. आपल्याकडे कुशाण राजे स्वतःला देवपुत्र म्हणवत. मथुरेजवळ माट इथं त्यांचं देवकुल होतं आणि तिथंच कनिष्काचा तो मुंडकं नसलेला, जाड बुटांचा पुतळा सापडला. त्याच्या तीनशेहून अधिक वर्षं आधीच्या अशोकाने मात्र देवांचा लाडका एवढंच म्हणवून घेतलं. या ओळीत सगळ्यांत उशिरा उतरलेला राजा जपानचा. 1946 च्या 1 जानेवारीला, युद्ध हरल्यावर, अमेरिकी फौजा तोक्योत बसलेल्या असताना, सम्राट हिरोहितोने जाहीर केलं की आपण देव असल्याची कल्पना खरी नाही.

ज्या धर्मांत देव आणि माणूस यांच्यातली रेघ पक्की आहे, तिथं ही गोष्ट जिवावर बेतते. ख्रिस्ती मंडळींनी 325 मध्ये निकीया इथं बसून ठरवलं की एकच माणूस पूर्ण देव आणि तो येशू. तरी पूर्वेकडच्या चर्चमध्ये, देवकृपेने माणूसही देवत्वात सहभागी होतो, ही शिकवण टिकून आहे. इस्लाममध्ये मन्सूर अल-हल्लाज. तो बगदादच्या रस्त्यांवर स्वतःला परम सत्य म्हणवून घेत असे, म्हणून त्याला 922 मध्ये फासावर चढवलं, असं लोक सांगतात. पण खटल्यात त्याला अडकवलं ते दुसऱ्याच मुद्द्यावर: मक्केला जाणं न जमलं तर घरीच एक जागा पवित्र करून तिथं हजचे विधी करावेत, असं त्याने लिहिलं होतं. खलिफाच्या दरबाराला त्याचा आत्मसाक्षात्कार एकवेळ खपला असता. यात्रेला पर्याय देणं खपलं नाही.

हल्लाजचा धागा फिरत फिरत पुणे कॅम्पात आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला चार बावडी भागात कडुलिंबाखाली एक वयोवृद्ध फकीर बाई बसत, हजरत बाबाजान. त्यांच्या भक्तांत कथा होती, की सरहद्दीकडे असताना त्यांनी हल्लाजसारखेच उद्गार काढले म्हणून बलुची शिपायांनी त्यांना जिवंत पुरलं होतं, आणि त्याच पलटणीतल्या शिपायांना त्या पुढे पुण्यात बसलेल्या दिसल्या. 1913 मध्ये डेक्कन कॉलेजात शिकणारा एक इराणी पोरगा, मेरवान शेरियार इराणी, सायकलवरून जाता-येता त्यांच्यापाशी थांबू लागला. बाबाजाननी त्याच्या कपाळाचं चुंबन घेतलं आणि तो भान हरपला. पुढे साकोरीच्या उपासनी महाराजांनी त्याच कपाळावर दगड मारला, तेव्हा तो हळूहळू भानावर येऊ लागला. हा मुलगा म्हणजे मेहेरबाबा.

10 जुलै 1925 रोजी अहमदनगरजवळच्या (आताच्या अहिल्यानगरजवळच्या) मेहेराबादला त्यांनी मौन धरलं आणि 31 जानेवारी 1969 ला देह ठेवेपर्यंत सोडलं नाही. जवळजवळ चव्वेचाळीस वर्षं. आधी लाकडी फळीवरची इंग्रजी अक्षरं बोटाने भराभर दाखवत आणि बाजूचा शिष्य ती मोठ्याने वाचे. 1954 मध्ये फळीही गेली, उरल्या हाताच्या खुणा. त्याच वर्षी त्यांनी आपण अवतार असल्याचं उघड सांगितलं. गंमत अशी, की त्यांच्या 'गॉड स्पीक्स' या ग्रंथात अद्वैतच आहे: प्रत्येक जीव देवच, फक्त त्याला ते ठाऊक नाही. मग त्यांचं वेगळेपण काय? तर मला ठाऊक आहे, एवढंच. उपनिषदांचं सर्वांचं देवपण आणि महानुभावांचा देहधारी परमेश्वर या दोन्ही वाटा नगरच्या माळावर एकत्र आल्या. ते कुष्ठरोग्यांचे पाय धूत, देशभर हिंडून 'मस्त' म्हणवल्या जाणाऱ्या देवभोळ्या वेड्यांना शोधून आंघोळ घालत. टेकडीवरच्या समाधीपाशी दर 31 जानेवारीला हजारो माणसं मौन पाळतात. त्यांच्या अवतारपणाबद्दल मला काही म्हणायचं नाही. बोलणं बंद केल्याने देवाच्या तोंडी हवं ते घालणाऱ्यांची मात्र चांगली सोय होऊ शकली असती. ती फारशी कुणी करून घेतली नाही, हे त्यांच्या मंडळींच्या पदरी टाकायला हवं.

मेहेरबाबांनी मौन धरलं त्याच दशकात, असाच लहानपणी हेरलेल्या दुसऱ्या एकाने उलटं केलं. 1909 मध्ये मद्रासजवळ अड्यारच्या समुद्रकिनाऱ्यावर थिऑसॉफिस्ट लेडबीटरच्या नजरेला कृष्णमूर्ती नावाचा एक किडकिडीत मुलगा पडला. हाच येणारा जगद्‌गुरू, असं ठरलं. ॲनी बेझंट यांनी त्याला सांभाळलं, 1911 मध्ये त्याच्यासाठी संघ काढला, वडिलांनी मुलाच्या ताब्यासाठी केलेला दावा थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत लढवला. जगभर हजारो सभासद, हॉलंडमध्ये ओमेन इथं गढीसकट मोठी जमीन. 3 ऑगस्ट 1929 रोजी, त्याच ओमेनला, बेझंटबाई समोर बसलेल्या असताना, चौतिशीतल्या कृष्णमूर्तींनी संघ विसर्जित केल्याचं सांगितलं आणि मालमत्ता ज्यांची त्यांना परत केली. चिंचवडच्या पाटावरच्या मुलाला जे शक्य नव्हतं ते याने केलं. करू शकला, कारण तोवर तो मोठा झाला होता आणि बोलू शकत होता.

लहान मुलाला देव करणं आजही चालू आहे. काठमांडूची कुमारी शाक्य घरातून निवडली जाते आणि ऋतुप्राप्ती झाली की पदावरून उतरते. राजे तिच्या हातून टिळा लावून घेत. राजेशाही गेल्यावर राष्ट्रपती घेऊ लागले. 2008 मध्ये नेपाळच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की कुमारी असली तरी तिला शिक्षणाचा आणि इतर मुलांसारखे सगळे हक्क आहेत. देवीला शाळेत जाऊ द्या, असं सांगायला न्यायालय लागलं.

महाराष्ट्राने देव जितके घडवले तितकेच नकारही घडवले. गाडगेबाबा पायावर डोकं ठेवायला आलेल्यांवर काठी उगारत. आपण कुणाचे गुरू नाही, हे त्यांनी आयुष्यभर सांगितलं. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात डॉ. आंबेडकरांनी अनुयायांना दिलेल्या 22 प्रतिज्ञांत, बुद्ध हा विष्णूचा अवतार आहे हे मी मानणार नाही, अशा आशयाची एक प्रतिज्ञा आहे. बुद्धाने स्वतःसाठी देवपण मागितलं नव्हतं. त्याला देव करून दशावतारांत बसवलं की त्याची अडचण संपते, हे बाबासाहेबांनी ओळखलं होतं.

आणि मग कायदा. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळाने कायदा केला. तो नीट वाचावा, असं मी प्रत्येकाला सांगेन. फार मोठा नाही, जोडलेल्या अनुसूचीत 12 कलमं आहेत. त्यात कुणी स्वतःला देव म्हणवलं म्हणून गुन्हा होत नाही. आपल्यात अलौकिक शक्ती आहे, आपण कुणाचा तरी अवतार आहोत किंवा मागच्या जन्मी तू माझी बायको होतीस, असं भासवून लैंगिक संबंध ठेवला, चमत्काराच्या नावाखाली पैसे लुबाडले, तर मात्र किमान सहा महिने आणि कमाल सात वर्षं कैद, वर 5 हजार ते 50 हजार रुपये दंड. पोलीस ठाण्यात फिर्याद द्यायला जाल तर देवपणाची चर्चा करत बसू नका; त्याच्या नावावर काय घेतलं गेलं ते सांगा.